आजार दवाखान्यात बरा होतो, पण थांबतो वस्तीत

पावसाळ्यात एकाच गल्लीतून आठवडाभरात जुलाबाचे चार-पाच रुग्ण आले, की आम्हा डॉक्टरांना वेगळी शंका येते. बिघाड फक्त या रुग्णांच्या पोटात नाही, गल्लीत कुठेतरी आहे. औषधाने रुग्ण बरा होतो, पण घरी जाऊन पुन्हा तेच पाणी पितो आणि तोच संडास वापरतो. मग वस्ती सुधारायची कोणी? सरकारने, खासगी कंपन्यांनी, स्वयंसेवी संस्थांनी, की तिथे राहणाऱ्यांनी? याचे उत्तर शोधायला आपल्या मुंबई-पुण्याचाच इतिहास पाहू या.

प्लेग आणि पाडापाडी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा आला. पुण्यात सैनिक घरोघर शिरून झडती घेऊ लागले. लोक इतके धास्तावले की घरातला रुग्ण लपवू लागले. लोकांचा विश्वास गेला की साथ आटोक्यात आणणे अवघड होते, हे आपण आजही पाहतो. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्यामागे हाच संताप होता.

१८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांत हवा-उजेड यावा, हा त्याचा हेतू चांगलाच होता. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते झाले आणि दादर-माटुंग्याची आखणी झाली. ट्रस्टवर सरकार आणि महापालिकेबरोबर व्यापारी आणि गिरणीमालकांचे प्रतिनिधीही होते. नव्हते ते ज्यांच्या खोल्या पाडल्या जाणार होत्या ते भाडेकरू. त्यांतल्या अनेकांना नव्या घरांचे भाडे परवडेना. ते शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळींत जाऊन राहिले. गर्दी हटली नाही, तिने फक्त जागा बदलली. १९३३ मध्ये हा ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

लोक भागीदार होतात तेव्हा

यानंतर अनेक दशके झोपडपट्टीतला सार्वजनिक संडास म्हणजे पालिकेने बांधायचा आणि कोणीच सांभाळायचा नाही, असा प्रकार राहिला. पाणी नाही, दिवा नाही, दार तुटलेले. बायका पहाटे किंवा अंधार पडल्यावरच बाहेर जायच्या आणि दिवसभर पाणी कमी प्यायच्या. लघवी तुंबवून ठेवल्याने जंतुसंसर्ग होतो, शौचाला जाणे टाळल्याने बद्धकोष्ठता आणि मूळव्याध वाढते. लहान मुले गटाराच्या कडेला बसायची आणि जंत, टायफॉइड, कावीळ यांचे चक्र चालू राहायचे.

१९९० च्या दशकात मुंबईत जागतिक बँकेच्या मदतीने वेगळी पद्धत सुरू झाली. बांधकामाचा खर्च पालिकेने करायचा. रहिवाशांनी आपली संस्था नोंदवायची, प्रत्येक कुटुंबाने आधी थोडी वर्गणी भरायची आणि पुढची देखभाल संस्थेने पाहायची.

१९९९ मध्ये पुण्याचे तत्कालीन आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. स्वयंसेवी संस्थांनाच बांधकाम आणि देखभालीसाठी बोलावले. त्यांत १९८४ पासून मुंबईच्या फुटपाथवरच्या बायकांबरोबर काम करणारी ‘स्पार्क’ आणि तिच्यासोबतची ‘महिला मिलन’ होती. दोन-तीन वर्षांत पुण्यात ४०० हून अधिक शौचालये उभी राहिली.

आराखड्यात बायकांचे म्हणणे ऐकले गेले, म्हणून फरक पडला. स्त्री-पुरुषांसाठी वेगळी बाजू, लहान मुलांसाठी छोट्या मापाचे संडास, पाण्याची टाकी आणि राखणदाराला राहायला खोली. प्रत्येक वेळी पैसे मोजण्याऐवजी कुटुंबाचा मासिक पास. दर वेळी पैसे पडले, तर गरीब घरातले मूल उघड्यावरच जाणार, हे त्या बायकांना ठाऊक होते.

खासगी कंपनीची भागीदारी पाहायची असेल तर २०१६ मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात सुरू झालेले ‘सुविधा’ केंद्र पाहा. हिंदुस्थान युनिलिव्हर, मुंबई महापालिका आणि स्थानिक संस्था यांनी मिळून ते उभारले. तिथे शौचालयाबरोबर आंघोळ, कपडे धुणे आणि पिण्याचे पाणीही मिळते. आंघोळीचे आणि धुण्याचे पाणी प्रक्रिया करून संडासात वापरले जाते.

आपण काय शिकायचे?

अशी सगळीच शौचालये नीट चालली नाहीत. जिथे पाण्याची जोडणी मिळाली नाही, मैला वाहून नेण्याची सोय झाली नाही किंवा हिशेब दोघा-तिघांच्याच हातात राहिला, तिथे कुलूप लागले. भागीदारी म्हणजे सरकारने हात झटकणे नव्हे. जलवाहिनी, गटार आणि वीज ही पालिकेचीच जबाबदारी आहे. रहिवाशांच्या वर्गणीतून झाडू आणि राखणदाराचा पगार निघेल, मुख्य गटार बांधून होणार नाही.

म्हणून तुमच्या वस्तीत शौचालय, पाण्याची टाकी किंवा कचऱ्याची नवी योजना येईल, तेव्हा उद्‌घाटनाच्या आधी हे विचारा: आराखडा करताना बायकांना विचारले का? पाणी कुठून येणार आणि मैला कुठे जाणार? रोजची सफाई कोण करणार, त्याचा पगार कोण देणार? जमाखर्च फलकावर लागणार का? आणि पाच वर्षांनी मोटर जळाली तर कोणाकडे जायचे?

उत्तरे मिळेपर्यंत विचारत राहा. आणि एकाच गल्लीत जुलाबाचे किंवा काविळीचे दोन-तीन रुग्ण दिसले, तर औषधाबरोबरच जवळच्या पालिका दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात कळवा आणि पाण्याचा नमुना तपासायला सांगा. तोवर पाणी उकळून प्या. तुमच्या एका सूचनेने शेजारच्या घरातला पुढचा रुग्ण टळू शकतो.