हृदयावरचा शेणकिडा

पिंपळगावच्या शिवारात मागच्या पायांनी शेणाचा गोळा ढकलीत नेणारा किडा आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. आपण त्यास शेणकिडा म्हणतो आणि पुढे जातो. प्राचीन इजिप्तने मात्र त्यात देव पाहिला. सूर्याचा गोळाही कोणी असाच ढकलीत असेल, आणि गोळ्यातून हा जीव आपोआप जन्मतो, असे तेथील लोकांस वाटे. उगवत्या सूर्याचे खेप्री हे नाव ‘होणे’ या अर्थाच्या धातूपासूनच आले.

म्हणून मऊ संगजिऱ्याचे शेणकिडे कोरून, त्यांना झिलई देऊन, लोक ते ताइतासारखे वागवीत. सपाट पोटावर नाव कोरले की तोच शिक्का होई. इ. स. पूर्व १४व्या शतकातील राजा तिसरा आमेनहोटेप याने तर दहा वर्षांत १०२ सिंह मारल्याची वार्ता अशा किड्यांवर कोरवून घेतली. तिच्या शंभरावर प्रती सापडल्या आहेत.

परंतु आम्हांस अधिक विचार करावयास लावतो तो मृताच्या छातीवर ठेवावयाचा हिरवट दगडाचा किडा. परलोकी सत्यदेवता माआत हिच्या पिसाशी हृदय तोलले जाई. आपल्याकडे पापपुण्याची वही चित्रगुप्ताकडे. तेथे साक्षीदार माणसाचे स्वतःचेच हृदय! त्याने विरुद्ध साक्ष देऊ नये, अशी विनवणी या ताइताच्या पोटावर कोरलेली असे.

मारलेल्या सिंहांची संख्या जगास सांगता येते. तराजूपुढे ती कामाची नाही. जग फसेल, आपले हृदय फसणार नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते. उपाय मात्र त्यांनी दगडात शोधला.