सिलिॲक आजार व आतड्याचे दाहक विकार

सिलिॲक, क्रोन व अल्सरेटिव्ह कोलायटिस या तिन्ही विकारांत जुलाब, पोटदुखी, अशक्तपणा व वजन घटणे ही लक्षणे आढळतात. त्यामुळे केवळ लक्षणांवरून निदान होत नाही.

सिलिॲक हा स्वयंप्रतिकार विकार आहे. गहू, जव इत्यादी धान्यांतील ग्लूटेनमुळे लहान आतड्यातील रसांकुर झिजतात आणि अन्नरस नीट शोषला जात नाही. ज्वारी व तांदळात ग्लूटेन नसते. म्हणूनच विदर्भातील भाकरी अशा रुग्णास चालते, पोळी चालत नाही. निदान रक्तातील प्रतिपिंडे व बायोप्सी यांवरून होते. मात्र तपासणीपूर्वीच गहू सोडल्यास प्रतिपिंडे घटतात व आजार निसटू शकतो. ‘गहू बंद करून पाहू’ हा घरगुती सल्ला येथेच घातक ठरतो.

अल्सरेटिव्ह कोलायटिस सहसा गुदाशयापासून सलग वर पसरतो, अस्तरापुरता राहतो आणि शौचातून रक्त पडते. १९३२ मध्ये बरिल क्रोन व सहकाऱ्यांनी वर्णिलेला क्रोन विकार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, मधले भाग निरोगी सोडून, आतड्याच्या पूर्ण जाडीत होतो.

भारतात आतड्याचा क्षयरोग हुबेहूब क्रोनसारखा दिसतो. क्षय असताना क्रोन समजून स्टेरॉइड दिल्यास क्षय बळावतो. म्हणून संदिग्ध रुग्णास अनेकदा आधी क्षयाची औषधे देऊन काही महिन्यांनी दुर्बिणीने व्रण पुन्हा तपासतात.