पाटे (ट्रॉलीचे)

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा सांगाडा व आस यांमध्ये बसविलेला, पोलादी पट्ट्यांच्या थरांचा कमानदार स्थितिस्थापक आधार.

ओबडाया एलियट याने १८०४ मध्ये इंग्लंडात एकस्व मिळविलेल्या कमानीपासून घोडागाड्यांत रूढ झालेली ही तजवीज पुढे टांग्यात व मालमोटारीत आली. बैलगाडीच्या (→ बैलगाडी) वाट्यास ती सहसा आली नाही. निपाणी-चिकोडी भागातील ऊसवाहतूक आणि बेळगावच्या उद्यमबाग वसाहतीतील ओतशाळा व यंत्रशाळा (→ ओतकाम) यांमुळे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात हा विषय नित्य व्यवहारातला आहे.

पट्टीची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, भरल्या उसाचा हिशेब धरून घातलेले जाड पाटे रिकाम्या फेरीत जवळजवळ दबतच नाहीत व ट्रॉली उसळते. म्हणून कमी जाडीच्या अधिक पट्ट्या घालणे, भार वाढल्यावरच टेकणारा मदतीचा पाटा जोडणे आणि शॅकलचे (पाट्याचे टोक सांगाड्याला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) झिजलेले बुश बदलणे हे उपाय योजितात. पट्ट्यांमधील घर्षण काही अंशी धक्के शमविते. गंज चढताच तेच घर्षण पाटा जखडून टाकते, ही गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. दुहेरी आसांच्या ट्रॉलीत, तसेच प्रवासी कारवाँत (→ कारवाँ), पुढील व मागील पाट्यांना जोडणारी डुलती दांडी भार विभागते.

सुधारित पाट्यांमुळे सांगाड्याचे वेल्डिंग, टायर व जोडआकडा यांवरील आघात घटतात.