वितळणाऱ्या तारेची गोष्ट



"बाबा, ॲम्प्लिफायरवर फ्यूज आहेच की! मग बॅटरीपाशी आणखी एक कशाला?"

गेल्या सप्टेंबरात, एका रविवारी सकाळी, ॲन आर्बरमधल्या आमच्या ड्राइव्हवेत चिरंजीवांनी हा प्रश्न टाकला. वय सतरा, गाडी जुनी, आणि उन्हाळ्यातल्या नोकरीच्या पैशातून घेतलेला ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर डिकीत बसवलेला. बॅटरीपासून एक लाल वायर थेट कार्पेटखालून मागे नेली होती. मधे काही नाही. मी आयटीवाला, वर एमबीए. ऑफिसात रिस्क मॅनेजमेंटच्या स्लाइड्स दाखवतो, पण या प्रश्नाचं उत्तर मला लहानपणीच मिळालं होतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावच्या घरी मीटरच्या फळीवर चिनी मातीचे पांढरे किटकॅट फ्यूज असायचे. फ्यूज उडाला की बाबा टॉर्चच्या उजेडात नवी तार बसवायचे. शेजारचे काका म्हणायचे, "जाड तार घाला हो, सारखी कटकट नको." बाबांचं उत्तर ठरलेलं: "ही तार वितळली तर चार आणे जातात. नाही वितळली तर घर जातं."

ही मुद्दाम कच्ची ठेवलेली तार आली कुठून? टेलिग्राफच्या काळातच, १८४७ मध्ये, फ्रान्सच्या लुई ब्रेगे यांनी वीज पडली तर यंत्रं वाचावीत म्हणून बारीक तार जोडण्याची सूचना केली होती. पण ती घरोघरी जाण्याची वाट खुली केली एडिसन यांनी. त्यांचं बालपण आपल्याच मिशिगनमध्ये, पोर्ट ह्युरनला गेलं. घरोघर दिवे लावायचे तर एका घरातला बिघाड सगळ्या गल्लीला भोवता कामा नये, हे त्यांनी ओळखलं आणि १८८० मध्ये अशा सुरक्षा-तारेचं पेटंट घेतलं. भारतातून आई-बाबा आले की आपण त्यांना डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेजला नेतोच. तिथे हेन्री फोर्ड यांनी एडिसन यांची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा पुन्हा उभी केली आहे. २१ ऑक्टोबर १९२९ रोजी तिच्या उद्घाटनाला ८२ वर्षांचे एडिसन स्वतः हजर होते.

गाडीत वीज खऱ्या अर्थाने आली ती १९१२ साली. डेट्रॉइटच्या कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसवला आणि हँडल मारण्याचा त्रास गेला. गाडीत बॅटरी आली, दिवे आले, मग गाण्यांची हौसही आली. १९३० मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग या जोडीच्या मदतीने गाडीचा रेडिओ तयार केला. 'मोटोरोला' हे नाव त्याच रेडिओचं. असं सांगतात, की कर्ज मिळावं म्हणून गॅल्विन यांनी बँकरसाहेबांच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला, आणि अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला! कर्ज अर्थातच मिळालं नाही. म्हणजे गाडीतलं संगीत आणि गाडीतली आग यांची ओळख पहिल्या दिवसापासूनची.

तेव्हा बहुतेक गाड्या ६ व्होल्टच्या. तेवढ्याच वॅटसाठी व्होल्ट दुप्पट केले की करंट निम्मा होतो. मोठी इंजिनं आणि वाढती उपकरणं पेलायला १९५०च्या दशकात अमेरिकन गाड्या १२ व्होल्टवर आल्या. पुढे फोर्डने १९६६च्या मॉडेलमध्ये एट-ट्रॅक टेप दिला. त्यामागेही तेच लिअर! १९७०च्या दशकात वेगळे ॲम्प्लिफायर आले आणि करंटची भूक पुन्हा वाढली.

आता चिरंजीवांचा प्रश्न. १२ व्होल्ट हाताला झटका देत नाहीत, म्हणून ते गरीब वाटतात. पण शॉर्ट झाला की गाडीची बॅटरी क्षणात कित्येकशे ॲम्पिअर ओतते. ॲम्प्लिफायरवरचा फ्यूज ॲम्प्लिफायरला सांभाळतो. पण बॅटरीपासून डिकीपर्यंतची पंधरा फूट वायर कोण सांभाळणार? ती पत्र्याच्या धारेवर घासून सोलली, तर करंट वाटेतच पत्र्यातून बॅटरीकडे परत फिरतो. मागच्या फ्यूजपर्यंत तो पोचतच नाही, आणि पेटतं ते कार्पेट. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून अठरा इंचांच्या आत हवा, आणि त्याचा आकडा वायरला झेपेल त्याहून मोठा नको.

मग आम्ही बाहेरच्या पायरीवर बसून हिशेब मांडला. डी-क्लासचा ॲम्प्लिफायर साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर ५०० वॅटसाठी ६२५ वॅट लागतात. भागिले १३.८ व्होल्ट, म्हणजे सुमारे ४५ ॲम्पिअर. स्वस्त किटमधली वायर खरवडून पाहिली, तर वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम. जाडी तीच, पण करंट कमी झेपणारी. ती काढली. आधी बॅटरीची मायनस बाजू सोडवली, मग ४ गेजची शुद्ध तांब्याची वायर टाकली. इंजिनामागच्या पत्र्यातून ती जाते तिथे रबरी ग्रोमेट लावला. बॅटरीजवळ ८० ॲम्पिअरचा फ्यूज बसवला. ग्राउंडची वायर तेवढीच जाड, पण आखूड, आणि रंग घासून काढलेल्या पत्र्यावर घट्ट. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पडतं, गंज लवकर धरतो, म्हणून हा जोड दर वसंतात तपासायचा.

जुनी वायर उपसताना दाराच्या उंबऱ्यापाशी तिचं प्लास्टिक एका जागी घासून पातळ झालेलं दिसलं. तांबं दिसायला फार तर महिना उरला असेल. चिरंजीव गप्प झाले. मग त्याच गाडीतून आम्ही गणपतीच्या आरतीला गेलो, वाटेत ढोल-ताशा अगदी दणक्यात वाजवत.

आपल्याकडे कुणाच्या मुला-मुलीने गाडीत असं काही बसवलं असेल, तर या शनिवारी एकदा बॉनेट उघडून पाहा. बॅटरीजवळ लाल वायरवर फ्यूज दिसतोय का? नसेल, तर तो बसेपर्यंत ती वायर बॅटरीवरून सोडवून ठेवा. गाणी आठवडाभर थांबतील.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!