तबकडीची सुई : पोलादापासून हिऱ्यापर्यंत

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत माळ्यावरची ट्रंक उघडली की रेकॉर्डचा एखादा गठ्ठा हमखास निघतो. जड, काळ्या, हातातून निसटल्या तर काचेसारख्या फुटणाऱ्या लाखेच्या तबकड्या. बालगंधर्वांची नाट्यपदे, मास्टर कृष्णराव, बडोद्याचे नाव आडनावात मिरवणाऱ्या हिराबाई बडोदेकर आणि आपल्या दरबाराचे गायक उस्ताद फैयाज खाँ. यंदाच्या उत्सवात त्या वाजवायचे ठरले आणि पहिलाच प्रश्न पुढे आला : वाजवायच्या कोणत्या सुईने? बाजारात लाखाच्या वर किमतीचे कार्ट्रिजही मिळते. चांगले महागडे आणले की काम झाले, असे आम्हांलाही वाटले होते. सुईचा इतिहास चाळला आणि मत बदलले.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा. बर्लिनरने १८८७मध्ये सपाट तबकडीचा मार्ग धरला. त्याच्या खाचेत सुई वरखाली नव्हे, तर डावी-उजवीकडे हलते. १९०२मध्ये गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. या तबकड्यांची लाख मुख्यतः आपल्याच देशातली. तिच्यात दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळत, कारण पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची व्हावी. म्हणूनच दर बाजूला नवी सुई लावायची. काटकसर म्हणून तीच सुई पुन्हा वापरली, की तिच्या झिजलेल्या धारा खाच खरवडत. ट्रंकेतल्या कित्येक रेकॉर्डची खरखर ही त्या काटकसरीची खूण आहे.

१९२५मध्ये विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झाले. पुढे वाजवण्याच्या बाजूसही सुईच्या हालचालीतून वीज निर्माण करणारी पेटी आली. तिचाच वंशज म्हणजे आजचे कार्ट्रिज. १९४८मध्ये अमेरिकेत कोलंबियाने ३३⅓ फेऱ्यांची एल. पी. आणली. ती व्हिनाइलची, दगडपूड नसलेली आणि बारीक खाचेची. सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे ७५ मायक्रॉनवरून २५वर आली. पोलाद जाऊन नीलम आणि हिरा आला. जुन्या ध्वनिपेटीचा शंभर ग्रॅमहून अधिक भार हळूहळू दोन-तीन ग्रॅमवर उतरला. खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरण्याची ब्लुमलाइनची कल्पना १९३१ची, पण स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८च्या सुमारास. मग सुई आणखी बारीक झाली.

याच काळात कार्ट्रिजची दोन घराणी स्थिरावली. एकात तारेचे वेटोळे हलते, चुंबक स्थिर असतो. डेन्मार्कचे ऑर्टोफोन आणि जपानच्या एन. एच. के. नभोवाणीसाठी घडवलेले डेनॉन डीएल-१०३ ही या घराण्यातली मोठी नावे. नाद सुरेख, पण निघणारी वीज इतकी क्षीण की तिला आधी वाढवून घ्यावे लागते. शिवाय बहुतेकांत सुई घरी बदलता येत नाही. दुसऱ्या घराण्यात चुंबक हलतो. तिथे वीज सुमारे दसपट मिळते आणि सुई ओढून काढून दुसरी बसवता येते. पुढे १९७०च्या दशकात जपानच्या शिबाता यांनी चार वाहिन्यांच्या तबकड्यांसाठी खाचेच्या भिंतीला लांबवर टेकणारी सुई घडवली. आजच्या अनेक उंची सुया तिच्याच वाटेवरच्या आहेत.

पण ही उंची सुई आपल्या लाखेच्या तबकडीवर ठेवली तर? रुंद खाचेच्या तळाशी ती जाऊन पडते. भिंतींवर कोरलेला सूर बाजूलाच राहतो आणि तळातली धूळ वाजते. दगडपुडीने हिराही लवकर झिजतो. किंमत वाढली म्हणून खाच बदलत नाही.

म्हणून आम्ही चुंबक हलणारे, मध्यम किमतीचे कार्ट्रिज निवडले आणि त्याला दोन सुया घेतल्या : एक एल. पी.साठी, दुसरी लाखेच्या तबकडीसाठी ७५ मायक्रॉनची. लाखेची तबकडी वाजवताना दोन्ही वाहिन्या एकत्र जोडायच्या. मग वरखाली हालचालीची खरखर बरीचशी आपसांत मिटते आणि डावी-उजवीकडची, म्हणजे बर्लिनरने निवडलेली हालचाल तेवढी ऐकू येते. वेग कमीजास्त करता येईल असे यंत्रही हवे, कारण १९२५पूर्वीच्या कित्येक तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नाहीत. वेग चुकला तर गायकाची पट्टीच बदलते.

या तबकड्या पुन्हा घडणार नाहीत, आणि कोणती रेकॉर्ड कोणाच्या लग्नात वाजली होती हे सांगणारी माणसेही आपल्यात थोडीच उरली आहेत. तेव्हा प्रत्येक रेकॉर्ड योग्य सुईने एकदा वाजवायची, त्याच वेळी तिची संगणकावर नोंद घ्यायची आणि शेजारी बसलेल्या आजी-आजोबांची आठवणही टिपून ठेवायची, असा बेत आहे.

रेकॉर्ड आणण्यापूर्वी एकच विनंती : स्पिरिटने पुसू नका, त्यात लाख विरघळते. मऊ कोरड्या फडक्याने धूळ तेवढी झटका आणि उभ्या ठेवून आणा. सुई आम्ही तयार ठेवली आहे.