तेरा नाण्यांचा इतिहास

मेक्सिकन कुळांतील एखादें लग्न आज लॉस आंजेलिस किंवा सान आंतोनियो येथें पाहिलें, तर नव्या थाटाची त्यांत कांहींच उणीव दिसत नाहीं. छायाचित्रकार असतात, मेजवानी असते, वाद्यवृंद असतो. परंतु चर्चमध्यें अंगठ्या घालून झाल्या कीं दोन जुने आचार पुढें येतात. वर आपल्या ओंजळींतील तेरा नाणीं वधूच्या ओंजळींत सोडतो; त्यांस ‘आर्रास’ म्हणतात. मागाहून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा दुहेरी दोर, बहुधा जपमाळेच्या घडणीचा, दोघांच्या खांद्यांवर घालतात, तो ‘लासो’.

यांपैकीं नाण्यांच्या आचाराविषयीं आजच्या कित्येक शिकलेल्या वधूंच्या मनांत किंतु असतो. पुरुषानें द्रव्य द्यावें आणि स्त्रीनें ओंजळ पुढें करावी, हा मुलीच्या खरेदीचाच अवशेष नव्हे काय? शंका रास्त आहे. पण इतिहासाची साक्ष काढली तर ती बरीचशी उलट पडते.

‘आर्रास’ हा शब्द स्पॅनिश भाषेंत लॅटिनमधून आला, लॅटिनमध्यें ग्रीकांकडून आणि ग्रीकांकडे सेमिटिक भाषांतून. त्याचा मूळ अर्थ विसार. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळीं वाङ्निश्चयाच्या वेळीं असा विसार देत आणि करार मोडणाऱ्यास तो गमवावा लागे. स्पेनमध्यें व्हिसिगॉथ राजांच्या अमलांत वरानें वधूस धन देण्याची जी रीत होती, तिला पुढें हेंच नांव मिळालें. ६५४ सालीं रेसेस्विन्थ राजानें जारी केलेल्या संहितेंत या धनास मर्यादा घातलेली आहे: वरानें आपल्या मालमत्तेच्या दशांशाहून अधिक देऊं नये. मर्यादा घालावी लागली, यावरूनच तें धन नांवापुरतें नव्हतें हें उघड होतें. तेराव्या शतकांत या संहितेचें कॅस्टिलियन भाषांतर झालें, त्यांत ‘आर्रास’ हा शब्द आढळतो. आणि १५०५ सालच्या तोरो येथील कायद्यांनीं दशांशाचा नियम पुन्हां पक्का केला. बापानें तें धन सांभाळावें असें जुना कायदा म्हणे, परंतु मालकी मुलीची. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर तें कन्येचें मोल नसून स्त्रीधन होतें.

नाणीं तेराच कां, याचीं उत्तरें पुष्कळ आहेत. येशू व त्याचे बारा शिष्य, असें एक. बारा महिन्यांचीं बारा आणि तेरावें गरिबांसाठीं, असें दुसरें. फ्रान्समध्येंही लग्नांत तेरा नाणीं देण्याची चाल होती. हे अर्थ संख्येला मागाहून चिकटले असावेत, असें मला वाटतें.

लासोची परंपराही अशीच जुनी आहे. ६३६ सालीं निवर्तलेला सेव्हिलचा बिशप इसिडोर लिहितो कीं, आशीर्वादानंतर वधूवरांस एकाच पट्टीनें बांधीत. पट्टी दुरंगी असे. शुभ्र रंग शुद्ध आचरणाचा, जांभळट तांबडा संततीच्या रक्ताचा.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहविधीचे कडक नियम केले, तरी प्रांतोप्रांतींच्या स्तुत्य चाली राखण्यास मुभा दिली. म्हणून स्पॅनिश धर्मगुरूंबरोबर मेक्सिकोंत गेलेले हे आचार तेथें टिकले. १८५९ सालीं बेनितो हुआरेसच्या सरकारानें विवाह हा दिवाणी करार ठरविला. कायद्याचें लग्न कचेरींत गेलें, चर्चमध्यें विधि उरला.

त्यापूर्वींच, १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो येथील तहान्वयें, कॅलिफोर्निया प्रांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे गेला होता. इंग्लिश परंपरेच्या कायद्याप्रमाणें विवाहित स्त्रीची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. परंतु १८४९ सालच्या कॅलिफोर्नियाच्या घटनेनें स्त्रीचें लग्नापूर्वींचें, तसेंच वारशानें व देणगीनें मिळालेलें धन तिचेंच मानलें, आणि नवराबायकोच्या सामाईक मिळकतीचें स्पॅनिश तत्त्वही तेथें कायम राहिलें. जेत्यांनीं जितांचा कायदा उचलल्याचें असें उदाहरण विरळा. (आपल्या शेजारच्या गोव्यांत १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेनें आणलेला दंपतीच्या सामाईक मिळकतीचा नियम याच आयबेरियन कुळींतला; तो आजही चालू आहे.)

१९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें स्थानिक विवाहाचार राखावेत असें पुन्हां सांगितलें. अमेरिकेंतील कॅथलिकांच्या २०१६ च्या इंग्रजी विवाहविधींत आर्रास व लासो यांस ऐच्छिक स्थान मिळालें. त्यांत नाणीं प्रथम वर वधूस देतो आणि मग वधू वरास देते. तोरोच्या कायदेपंडितांस ही देवघेव चमत्कारिक वाटली असती. मला ती उचित वाटते.

नाणीं आणि दोर बहुधा वधूवर स्वतः विकत घेत नाहींत. ते ‘पाद्रिनो’, म्हणजे लग्नापुरते मानलेले धर्मपालक, देतात. एक जोडपें नाण्यांचें, दुसरें लासोचें, कोणी केकचें, कोणी वादकांचें. खर्च वाटला जातो आणि नातेंही जोडलें जातें. पुढें नाणीं लहानशा पेटींत घरीं राहतात; कांहीं घरांत आईच्या लग्नांतलींच मुलीच्या ओंजळींत पडतात.