संचायक घटांची निवड आणि विल्हेवाट

एकलहरे येथील औष्णिक विद्युत्केंद्र १९७० च्या दशकारंभी सुरू झाले. अशा केंद्रात वीजपुरवठा अकस्मात खंडित झाल्यास फिरत्या जनित्राच्या बेअरिंगना तेल पुरविणारा आपत्कालीन पंप संचायक घटमालेवरच चालतो. म्हणून तेथे घटांची निवड किमतीवरून नव्हे, तर विश्वसनीयतेवरून होते व क्षीण झालेले घट निकामी होण्यापूर्वीच बदलावे लागतात.

प्लांते याने १८५९ मध्ये सिद्ध केलेल्या शिशाच्या घटाचे वैशिष्ट्य असे की, घट संपला तरी शिसे उरते. त्यामुळे जुनी बॅटरी देऊन नवी घेण्याचा प्रघात रूढ झाला. परंतु हाच भाव तिला अनधिकृत भट्टीकडेही नेतो. तेथे आम्ल जमिनीत मुरते आणि शिसे कामगारांच्या रक्तात उतरते. २००१ च्या भारतीय नियमांनी जुने घट परत घेण्याचे बंधन घातले, ते केवळ शिशाच्या घटांपुरते. विषारी कॅडमियमचे आणि ज्वालाग्राही लिथियमचे घट २०२२ च्या नियमांनीच त्या कक्षेत आले.

तात्पर्य, घटाची विल्हेवाट दीर्घकाळ त्याच्या घातकतेने नव्हे, भंगाराच्या भावाने ठरली. ती कोण करणार, हा प्रश्न म्हणूनच खरेदीच्या वेळी विचारला पाहिजे.